‘इनफ्लेमेबल’ लिहिलेले अकरा ड्रम

रबाळे एमआयडीसीतल्या एका लहान कारखान्यात एप्रिलमधल्या एका सकाळी टोल्युइन या थिनरमधल्या द्रावकाचे अकरा ड्रम वेल्डिंगच्या जागेपासून दहा-बारा फुटांवर उभे होते. कुणी ते हलवायला विसरलं, असं झालं नव्हतं. लेबल वाचून, ‘हे जळत नाहीत’ असं ठरवून ते मुद्दाम तिथेच राहू दिले होते. ज्याने ठरवलं त्याला इंग्रजी वाचता येत होतं आणि शाळेत शिकलेला नियम त्याने बरोबर लावला होता. आग लागली नाही. लागली असती तर चौकशीच्या कागदावर ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ एवढी एक ओळ आली असती आणि खरं कारण कुणालाच कळलं नसतं. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे.

जागा आणि काम

ठाणे-बेलापूर रस्त्याने ऐरोलीकडून तुर्भ्याकडे जाताना डाव्या हाताला डोंगराच्या पायथ्याशी टीटीसीचा (ट्रान्स ठाणे क्रीकचा) औद्योगिक पट्टा लागतो. आता तिथे काचेच्या आयटी इमारती जास्त दिसतात, पण आतल्या गल्ल्यांमध्ये रंग, थिनर, छपाईची शाई बनवणारे छोटे कारखाने अजून चालू आहेत. सुरक्षा सल्लागार म्हणून अशा काही कारखान्यांत मी महिन्यातून दोनदा जाते. हा त्यांतलाच एक. थिनर आणि प्रायमर बनवतात. मागच्या अंगणात दोनशे लिटरच्या ड्रमांच्या रांगा, वर पत्र्याची अर्धवट शेड.

पावसाळ्याआधी ती शेड पुढे वाढवायची होती. लोखंडी खांब, त्यांवर कैच्या, म्हणजे दोन दिवस वेल्डिंग आणि ग्राइंडर. असं काम सुरू करण्याआधी हॉट वर्क परमिट, म्हणजे ठिणग्या उडणाऱ्या कामाचा परवाना, भरावं लागतं. मी फेरी मारून सही केल्याशिवाय वेल्डरने होल्डर हातात घ्यायचा नाही, हा तिथला नियम. आदल्या संध्याकाळी सुपरवायझरने स्टोअरच्या मुलाला सांगितलं होतं, “जळणारा माल सगळा पलीकडच्या भिंतीला ने.” त्याने रात्री आठपर्यंत थांबून दोन हेल्पर घेऊन चौदा ड्रम हाताने गडगडत पलीकडे नेले. परमिटवर छापील प्रश्न होता, फ्लेमेबल माल हलवला का? त्याने ‘हो’वर खूण केली होती. ती खूण खोटी नव्हती.

सकाळी काय दिसलं

साडेनऊला मी मागे गेले तेव्हा आधी वास आला. टोल्युइनचा वास गोडसर असतो, नव्या रंगाच्या दुकानात येतो तसा. एका ड्रमला हातपंप लावलेला होता आणि त्याचं बूच नीट बसलं नव्हतं. त्या ड्रमपासून चार पावलांवर वेल्डरने केबल पसरून ठेवली होती. खांब उभा होता, अर्थिंगचा क्लॅम्प लागलेला होता, फक्त माझ्या सहीची वाट.

“हे ड्रम इथे कसे?” मी स्टोअरच्या मुलाला विचारलं.

“मॅडम, हे नाही जळत.”

“कशावरून?”

“लिहिलंय ना त्याच्यावर.” त्याने ड्रमवरच्या काळ्या ठशांकडे बोट केलं. अक्षरं रंगाचा फवारा मारून उठवलेली होती, हायली इनफ्लेमेबल. त्याने बोट नेमकं ‘इन’वर टेकवलं. “इन आहे.”

मी वेल्डरला चहाला पाठवलं, मेन स्विच पाडायला लावला आणि मगच पुढे बोलले.

मुलाचं म्हणणं सरळ होतं. हलवलेल्या चौदा ड्रमांवर ‘फ्लेमेबल’ लिहिलं होतं. या अकरांवर ‘इनफ्लेमेबल’. कम्प्लीट म्हणजे पूर्ण, इनकम्प्लीट म्हणजे अपूर्ण. अ‍ॅक्टिव्ह, इनअ‍ॅक्टिव्ह. व्हिजिबल, इनव्हिजिबल. मागे भांडी धुवायला आणलेल्या मेथिलीन क्लोराईडच्या ड्रमवर त्याने ‘नॉन-फ्लेमेबल’ वाचलं होतं आणि तो माल पेटत नाही हे त्याला कुणीतरी सांगितलं होतं. ‘नॉन’ आणि ‘इन’ एकाच घरचे, असा त्याचा हिशोब. शिवाय वर ‘हायली’ लिहिलेलं. म्हणजे अगदीच जळत नाही.

त्या ओळीतला शेवटचा भाग ऐकून माझ्या अंगावर काटा आला. धोका जितका मोठ्या आवाजात सांगितला होता, तितकाच त्याला तो माल जास्त सुरक्षित वाटला होता.

कोणता माल कुठे राहिला

पलीकडे नेलेले चौदा ड्रम झायलीन या दुसऱ्या द्रावकाचे होते. जाग्यावर राहिलेले अकरा टोल्युइनचे. दोन्ही पेट घेणारे, पण सारखे नव्हेत. द्रवाच्या पृष्ठभागावरून इतकी वाफ उठू लागते की ठिणगी मिळताच ती भडकावी, त्या तापमानाला फ्लॅश पॉइंट म्हणतात. झायलीनचा तो २७ अंश सेल्सिअसच्या आसपास असतो. टोल्युइनचा ४ अंश. रबाळ्यात ४ अंश तापमान कधी होत नाही. म्हणजे उघड्या टोल्युइनवर भडकण्याजोगी वाफ वर्षाचे बाराही महिने असते.

ही वाफ हवेपेक्षा तिपटीने जड. ती वर उडून जात नाही, जमिनीवरून सांडलेल्या पाण्यासारखी पसरते आणि सखल भागात साठते. हवेत साधारण १.१ टक्का टोल्युइन मिसळलं की मिश्रण पेटू शकतं. वेल्डिंगचा तप्त मणी खाली पडून काँक्रीटवर उड्या मारत दूरवर घरंगळत जातो. वाफही जमिनीलगत, ठिणगीही जमिनीलगत. वेल्डिंगभोवती ३५ फुटांत पेट घेणारं काही नसावं, असा अमेरिकेच्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनचा दंडक आहे आणि तो आमच्याकडेही वापरतात. इथे अंतर दहा-बारा फूट होतं, आणि त्यात एक बूच सैल.

म्हणजे कमी धोक्याचा माल घाम गाळून लांब नेला आणि जास्त धोक्याचा माल ठिणगीखाली राहिला. फरक काय, तर एका पुरवठादाराने लेबलवर एक शब्द लिहिला, दुसऱ्याने दुसरा.

‘इन’ कशाला लावलाय?

मी त्याला सांगितलं की दोन्ही शब्दांचा अर्थ एकच, पेट घेणारा. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “मग ‘इन’ कशाला लावलाय, मॅडम?”

मला त्या क्षणी उत्तर देता आलं नाही. वीस वर्षं हा शब्द वाचते आहे, पण हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारला नव्हता. घरी जाऊन शोधलं, आणि पुढच्या फेरीत त्याला सांगितलं ते असं.

लॅटिनमध्ये ‘इन’ दोन आहेत, दिसायला जुळे, कामाने वेगळे. एक ‘नाही’ म्हणणारा, इनकम्प्लीटमधला. दुसरा ‘आत’ किंवा ‘मध्ये’ म्हणणारा. लॅटिन ‘इन्फ्लामारे’ म्हणजे ज्वाळेत घालणं, पेटवणं. त्यातला ‘इन’ हा दुसरा. त्यावरून इंग्रजीत इनफ्लेमेबल आला, सतराव्या शतकापासून तोच चालत आला आणि त्याचा अर्थ कायम ‘पेटू शकणारा’ हाच राहिला. डॉक्टर ज्याला इन्फ्लमेशन म्हणतात, ते याच घरातलं. आपण त्याला दाह म्हणतो, आणि दाहाच्या मुळाशीही जळणंच आहे. सांधा सुजून लाल होतो तेव्हा लॅटिन आणि संस्कृत दोघींनाही आगच आठवली, ही गोष्ट मला फार आवडली.

‘फ्लेमेबल’ नंतरचा. तो इंग्रजीत १८१३ च्या सुमारास दिसतो, पण शंभर वर्षं फारसा कुणी वापरला नाही. त्याला पुढे आणलं ते आगीशी संबंध असलेल्या लोकांनी. सामान्य माणूस ‘इन’ला ‘नाही’ समजून फसेल, हे १९२० च्या दशकात नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने ओळखलं आणि फ्लेमेबल वापरा असा आग्रह धरला. ब्रिटनच्या मानक संस्थेने १९५९ साली तेच धोरण जाहीर केलं, की फ्लेमेबल आणि नॉन-फ्लेमेबल हीच जोडी वापरावी. फ्रेंचमध्ये आजही इनफ्लेमेबल म्हणजे पेटणारा, आणि न पेटणाऱ्याला त्यांनी पुढे आणखी एक ‘इन’ जोडून ‘इनइनफ्लेमेबल’ केलं आहे. त्यांचं काम भागतं, कारण त्यांच्याकडे दुसरा शब्द शेजारी उभा राहून गोंधळ घालत नाही.

गोंधळ आमच्याकडे आहे, कारण आम्ही दोन्ही ठेवले. १९४८ च्या कारखाने अधिनियमात कलम ३७ च्या मथळ्यातच इनफ्लेमेबल होतं. धोकादायक रसायनांच्या साठवणुकीचे १९८९ चे नियम आले ते फ्लेमेबल घेऊन. टँकरच्या पाठीवर अजून ‘हायली इनफ्लेमेबल’ रंगवलेलं असतं, आणि त्याच टँकरवरच्या लाल चौकटीत फ्लेमेबल. एकाच गेटमधून दोन्ही शब्द आत येतात.

मराठी माणसाला यात नवल वाटू नये, असं मी त्याला म्हणाले. विफल म्हणजे फळ नसलेलं, मग विख्यात म्हणजे ख्याती नसलेला का? तिथे तोच ‘वि’ ख्याती वाढवतो. दसऱ्याला मशिनपुढे आपण नारळ ‘वाढवतो’, म्हणजे फोडतो. बांगडी ‘वाढते’ म्हणजे पिचते. जन्मल्यापासून ऐकत आल्यामुळे आपण अडखळत नाही. रबाळ्यात नव्याने मराठी शिकणाऱ्याला ‘नारळ वाढव’ म्हटलं तर तो ताटात आणखी एक नारळ ठेवील, आणि त्यात त्याची चूक नसेल.

तो हसला आणि म्हणाला, “नारळ चुकला तर चालतं.”

मालकांचं मत आणि माझं

मालक ऐकून संतापले. त्यांचा राग समजण्यासारखा होता. अंगणाच्या भिंतीपलीकडे दुसऱ्याचा कारखाना आहे, त्यात तीस-चाळीस बायका पॅकिंगला बसतात. ते म्हणाले, “अडाणी पोरं स्टोअरला ठेवली की हेच होणार.”

मला हे पटलं नाही आणि मी ते तिथेच बोलले. मुलगा बारावी आहे. अडाणी असता तर वाचल्याशिवाय पंचवीसच्या पंचवीस ड्रम हलवले असते. मी जेवणाच्या सुट्टीत तो ठसा मोबाईलवर दाखवून बाकीच्यांना विचारलं. डिस्पॅच सांभाळणारा मुलगा बी.कॉम. आहे, तो म्हणाला, जळत नाही. अकाउंट्समधली मुलगी आधी ‘जळत नाही’ म्हणाली, मग थांबली, मग ‘नक्की नाही सांगता येत’ म्हणाली. फोर्कलिफ्ट चालवणारे काका मात्र क्षणभरही थांबले नाहीत. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही. ते म्हणाले, “हा लांबडा शब्द टँकरच्या मागं असतो. आग लागणारा माल आहे तो.” त्यांनी अक्षरं ओळखली नव्हती, शब्दाचा आकार ओळखला होता, आणि तो आकार त्यांनी कुठे पाहिला हे त्यांच्या लक्षात होतं. आदल्या दिवशी ते सुट्टीवर होते.

ज्याला शब्द अजिबात फोडता येत नाही तो वाचला, ज्याला मुळापर्यंत फोडता येतो तोही वाचला असता. फसला तो मधला, ज्याला आपण शाळेत फोडायला शिकवलं आणि अपवाद सांगितला नाही. आमच्या कारखान्यांत बहुतेक माणसं या मधल्या जागी आहेत. त्यांना अडाणी म्हणून चालणार नाही, कारण पाट्या, परमिट, लेबलं सगळी आम्ही त्यांच्याच हातात देतो.

आणि परमिटचा तो छापील प्रश्न माझा होता. इंग्रजीत, हो-नाहीचा. त्याने ‘फ्लेमेबल’ माल हलवला होता, म्हणून ‘हो’ लिहिलं. मी एका शब्दावर विश्वास ठेवला, त्याने दुसऱ्यावर.

आणखी एक शब्द, ज्यात फरक खरा आहे

हे सगळं चालू असताना सुपरवायझरने विचारलं, “मग कम्बस्टिबल म्हणजेपण तेच का?” प्रश्न चांगला होता, कारण इथे उत्तर उलटं आहे. फ्लेमेबल आणि इनफ्लेमेबल वेगळे दिसतात पण एकच. फ्लेमेबल आणि कम्बस्टिबल एकच वाटतात पण वेगळे आहेत. नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनच्या जुन्या वर्गवारीत रेघ ३७.८ अंशांवर होती: फ्लॅश पॉइंट त्याखाली असेल तर फ्लेमेबल, तितका किंवा वर असेल तर कम्बस्टिबल. जागतिक लेबल पद्धतीत ही रेघ ६० अंशांवर जाते आणि तिथून ९३ पर्यंतचा द्रव कम्बस्टिबल.

मराठीत हा फरक आपण रोज करतो. पेट्रोल भडकतं. लाकूड जळतं. ओंडक्याला काडी लावून पाहा, काडी विझेल. आधी ढलप्या लागतात, फुंकणी लागते. कम्बस्टिबल द्रवाला आधी तापवावं लागतं. फ्लेमेबलची वाफ आधीच हजर असते, ठिणगीचीच खोटी. मात्र कम्बस्टिबल म्हणजे बिनधोक असं मनात धरू नये. भर मे महिन्यात पत्र्याखाली उन्हात ठेवलेल्या ड्रमचा वरचा भाग हाताला चटका देतो, ३७.८ ची रेघ तिथे दुपारी सहज ओलांडली जाते.

आपल्याकडच्या पेट्रोलियम कायद्याची रीत मला यासाठी जास्त शहाणी वाटते. तिथे वर्ग अ, ब आणि क. फ्लॅश पॉइंट २३ अंशांखाली तर अ, २३ ते ६५ च्या आत तर ब, ६५ ते ९३ च्या आत तर क. विशेषणाचा अर्थ लावण्याची वेळच येत नाही.

काय बदललं

त्या दिवशी वेल्डिंग झालं नाही. अकरा ड्रम फोर्कलिफ्टने पलीकडे गेले, सैल बूच घट्ट केलं, अंगण दोन तास उघडं ठेवलं, गॅस डिटेक्टरने जमिनीलगत तपासलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी सही केली.

परमिटवरचा प्रश्न मी काढून टाकला. आता तिथे लिहायचं असतं, ३५ फुटांत काय काय आहे, नावाने. ‘टोल्युइन ११ ड्रम’ असं हाताने लिहिताना माणूस मान वर करून पाहतो.

लेबलांवरून मात्र बराच खल झाला. पुरवठादाराला कळवलं की ठसा कसाही असो, ज्वाळेचं चित्र असलेलं लाल चौकोनी लेबल दोन बाजूंना लावलंच पाहिजे. या अकरा ड्रमांवर ते होतं, पण एकाच बाजूला आणि भिंतीकडे तोंड करून. मराठी पाटीसाठी मी ‘ज्वालाग्राही’ सुचवला. शब्द नेमका आहे, ज्वाला ग्रहण करणारा, लोकलच्या डब्यातही वाचलेला. सुपरवायझरला ‘ज्वलनशील’ हवा होता. आम्ही दोघं त्यावर भांडत असताना स्टोअरचा मुलगा म्हणाला, “मॅडम, पुन्हा दोन शब्द झाले.”

खरंच झाले होते. पाटीवर शेवटी ‘पेट घेतो’ असं लिहिलं, एवढ्या मोठ्या अक्षरांत की गेटवरून दिसावं. खाली तेच हिंदीत.

महिनाभराने गेले तेव्हा त्याने मला गेटजवळ थांबवलं. भिंतीला सात रिकामे ड्रम रचलेले होते आणि प्रत्येकावर खडूने ‘रिकामा’ लिहिलं होतं. भंगारवाला दुपारी येणार होता. तो ड्रम जागेवरच गॅस कटरने उभे चिरतो, टेम्पोत जास्त मावतात म्हणून.

“हे खरंच रिकामे असतात का?” त्याने विचारलं.

बेंजामिन ली व्होर्फ नावाचा केमिकल इंजिनिअर अमेरिकेत आगीच्या विमा कंपनीत तपासनीस होता; पुढे तो भाषाशास्त्रज्ञ म्हणून ओळखला गेला. पेट्रोलच्या भरलेल्या ड्रमांजवळ माणसं जपून वागतात आणि ‘रिकाम्या’ ड्रमांजवळ बेफिकीर सिगारेट ओढतात, हे त्याने नोंदवून ठेवलं, कारण रिकाम्यात वाफ असते आणि तोच जास्त घातक. ही गोष्ट मी या मुलाला कधीही सांगितली नव्हती.

मी एका ड्रमचं बूच फिरवलं. तोच गोड वास आला. त्याने माझ्याकडे पाहिलं, खिशातून खडू काढला, ‘रिकामा’ हाताच्या तळव्याने पुसला आणि वाकून लिहिलं, ‘आत वाफ आहे, कापू नये’. मग पुढच्या ड्रमकडे गेला.